ख्रिस्ती प्रापंचिकांचे प्रेषितकार्य

ख्रिस्ती प्रापंचिकांचे प्रेषितकार्य म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा किंवा संन्यस्त व्रते न घेतलेल्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी कुटुंब, व्यवसाय, शेजार आणि सार्वजनिक जीवन या क्षेत्रांत आपल्या श्रद्धेनुसार केलेले कार्य होय. जगभरातील ख्रिस्ती लोकसंख्येत अशा प्रापंचिकांचेच प्रमाण प्रचंड मोठे आहे. तरीही चर्चच्या इतिहासात त्यांच्या कार्याची नोंद दीर्घकाळ त्रोटकच राहिली. महाराष्ट्रात या कार्याला एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा आहे. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या औद्योगिक व निवासी पट्ट्यात त्याचे स्थलांतरितांच्या जीवनाशी निगडित असे रूप पाहावयास मिळते.

संज्ञा

मराठी कॅथलिक लेखनात, विशेषतः वसई परिसरात, दीक्षित नसलेल्या व्यक्तीस 'प्रापंचिक' असे म्हणतात. प्रपंच करणारा, संसारी माणूस हा त्याचा अर्थ मराठी संतपरंपरेमुळे वाचकास परिचित आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये 'सभासद', 'विश्वासी' किंवा नुसते 'मंडळीतील लोक' असे शब्द अधिक रूढ आहेत. 'प्रेषित' म्हणजे पाठविलेला. त्यामुळे 'प्रेषितकार्य' या शब्दात धर्मप्रसाराइतकाच, ज्या ठिकाणी माणूस राहतो त्याच ठिकाणी आपण पाठविलेले आहोत, हाही भाव अंतर्भूत आहे. 'मिशनकार्य' हा शब्द मराठीत परदेशी मिशनऱ्यांच्या शाळा व दवाखान्यांशी इतका जोडला गेला आहे की, सामान्य ख्रिस्ती माणसाच्या दैनंदिन आचरणासाठी तो सहसा वापरला जात नाही.

धर्मशास्त्रीय आधार

या कल्पनेचा मूळ आधार बाप्तिस्मा अर्थात स्नानसंस्कार हा आहे. बाप्तिस्म्याने प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती ख्रिस्ताच्या याजकीय, प्रवक्तेपणाच्या आणि राजकीय कार्यात सहभागी होते, अशी शिकवण आहे. येथील 'राजकीय' हा शब्द राजपदाशी संबंधित आहे. त्याचा राजकारणाशी संबंध नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील मीठ व प्रकाश यांचे दृष्टांत या संदर्भात नेहमी सांगितले जातात. मीठ अन्नात मिसळून गेल्यावरच उपयोगी पडते. त्याचा वेगळा ढीग करून भागत नाही.

मार्टिन ल्यूथर यांनी १५२० साली सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाचा सिद्धांत मांडला. चांभार, लोहार किंवा शेतकरी यांचा व्यवसाय हेही देवाने दिलेले पाचारण आहे, या विचाराने प्रॉटेस्टंट परंपरेत दैनंदिन श्रमाला धार्मिक प्रतिष्ठा मिळाली. कॅथलिक चर्चमध्ये हा विषय अधिकृतपणे केंद्रस्थानी येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजाचा चौथा अध्याय प्रापंचिकांविषयी आहे. १८ नोव्हेंबर १९६५ रोजीचा 'अपोस्तोलिकाम आक्तुओसितातेम' हा आदेश तर संपूर्णपणे त्यांच्याच कार्याला वाहिलेला आहे. ऐहिक व्यवहार हाताळत असतानाच देवराज्याचा शोध घेणे हे प्रापंचिकांचे वैशिष्ट्य होय, असे या दस्तऐवजांतून मांडले गेले. १९८७ साली याच विषयावर बिशपांची धर्मसभा भरली आणि तिच्यानंतर पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० डिसेंबर १९८८ रोजी 'क्रिस्तिफिदेलेस लाइची' हे पत्र प्रसृत केले. चर्चमधील सेवा करणे म्हणजेच प्रापंचिकाचे कार्य, असा समज करून घेऊन कार्यालय, कारखाना, राजकारण यांकडे पाठ फिरविण्याच्या मोहाबद्दल या पत्रात स्पष्ट इशारा आहे. महाराष्ट्रातील शहरी धर्मग्रामांना तो आजही तंतोतंत लागू पडतो.

भारताच्या दृष्टीने १५ मे २०२२ ही तारीख महत्त्वाची आहे. या दिवशी त्रावणकोर संस्थानातील देवसहायम पिळ्ळै यांना संतपद देण्यात आले. १७४५ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि १७५२ साली मारले गेलेले देवसहायम हे धर्मगुरू अथवा संन्यासी नव्हते, तर राजसेवेतील विवाहित गृहस्थ होते. संतपद मिळालेले ते पहिले भारतीय प्रापंचिक होत.

महाराष्ट्रातील परंपरा

मराठी ख्रिस्ती समाजाच्या जडणघडणीत अदीक्षित माणसांचा वाटा मोठा आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व आसपासच्या जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशनच्या आणि पुढे कॅथलिक मिशनच्या कार्याचा खरा भार गावोगावच्या शाळामास्तरांवर होता. परदेशी मिशनरी घोड्यावरून वा बैलगाडीतून अधूनमधून येत. आठवडाभर मुलांना अक्षरे शिकविणारा, रविवारी प्रार्थना चालविणारा, आजाऱ्याकडे जाणारा आणि सरकारी अर्ज लिहून देणारा मनुष्य हा मास्तरच असे.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले व दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया व मुली तेथे आश्रयास आल्या. शेती, विणकाम, छपाई अशी कामे या स्त्रिया स्वतः करीत. रमाबाईंनी मूळ भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. ज्या काळात चर्चमध्ये स्त्रीस दीक्षित अधिकारपद मिळणे शक्य नव्हते, त्या काळात एका विधवेने केलेले हे कार्य प्रापंचिक प्रेषितकार्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण मानावे लागेल. धर्मांतरावरून त्यांच्यावर समकालीन मराठी वृत्तपत्रांनी कठोर टीका केली. दुसरीकडे, चर्चमधील अधिकाऱ्यांच्या मतांपुढेही त्यांनी मान तुकविली नाही.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि काही वर्षांनी स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ ग्रंथांत गणले जाते. सोवळ्याओवळ्याचे संस्कार हळूहळू कसे गळून पडले, घरात अनाथ मुले कशी वाढली, पैसा हाती ठरत नसलेल्या नवऱ्याबरोबर संसार कसा केला, हे त्यात विनोदाच्या अंगाने येते. श्रद्धेचा प्रवचनाविना झालेला असा आविष्कार ख्रिस्ती वाङ्मयात विरळाच. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पूर्ण केले. स्वतः टिळक पुढे दीक्षित पाळक झाले. परंतु १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते.

सार्वजनिक जीवनात जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) यांचे नाव अग्रगण्य आहे. मुंबईतील माझगावच्या माथारपाखाडी येथील हे ईस्ट इंडियन कॅथलिक बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचे सहकारी होते. १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष झाले. कामगार चळवळीत व १९२० च्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेतही त्यांनी भाग घेतला. वसईत १९१८ साली सुरू झालेल्या सहकारी पतसंस्थेची, म्हणजे आजच्या बॅसिन कॅथलिक सहकारी बँकेची, नोंदही येथे करावयास हवी. सावकारी पाशातून शेतकऱ्याची सुटका करणे हेही धर्मकार्यच, ही जाणीव तिच्यामागे होती.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील ही तीन शहरे उल्हास व वालधुनी या नद्यांच्या परिसरात वसली आहेत. उल्हासनगर हा मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळ होता. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीस आजचे नाव मिळाले. पाच कॅम्पांची ही वसाहत २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाखांहून अधिक लोकसंख्येचे शहर झाली आहे. अंबरनाथ हे अकराव्या शतकातील शिवमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात तेथे विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, आयुध निर्माणी आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र उभे राहिले. बदलापूर त्यामानाने उशिरा वाढले. मुंबईतील घरे परवडेनाशी झाल्यावर मध्यमवर्गीय नोकरदार कुटुंबे येथे येत गेली.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १०,८०,०७३ म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १ टक्क्याहून थोडी कमी होती. वसईप्रमाणे शतकानुशतकांची ख्रिस्ती गावे या पट्ट्यात नाहीत. येथील ख्रिस्ती समाज मुख्यतः नोकरीच्या निमित्ताने आला. त्यात मल्याळी, तमिळ, कोकणी-मंगळुरी, गोवेकर अशी कुटुंबे होती. तसेच अहमदनगर, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातून आलेले मराठी ख्रिस्ती होते. यामुळे येथील क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात बहुधा आधी मिशनरी आला व मागाहून मंडळी तयार झाली. या शहरांत आधी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये किंवा चाळीत राहणारी कुटुंबे आली, त्यांनी एखाद्याच्या घरी प्रार्थना सुरू केली, धर्मगुरूंना बोलावून घेतले आणि त्यानंतर चर्चची इमारत झाली. म्हणजे प्रापंचिक हे येथे धर्मग्रामाचे घटक होण्याआधी त्याचे संस्थापक होते.

याच प्रक्रियेचे मोठे फलित म्हणजे कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत. केरळमधील संत थॉमस परंपरेचे कॅथलिक मुंबई परिसरात आल्यावर लॅटिन विधीच्या धर्मग्रामांत सामील झाले. पण आपल्या विधीनुसार उपासना व्हावी, ही त्यांची मागणी कायम राहिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ मध्ये भारतातील बिशपांना लिहिलेल्या पत्रानंतर १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. परिणामी अंबरनाथसारख्या एकाच शहरात मुंबई महाधर्मप्रांताचे लॅटिन धर्मग्राम आणि कल्याण धर्मप्रांताचे सिरो-मलबार धर्मग्राम अशा दोन कॅथलिक रचना शेजारी शेजारी नांदतात. अंबरनाथचे फातिमा माता चर्च व त्याच नावाची शाळा लॅटिन रचनेत मोडतात. यांशिवाय उत्तर भारतीय चर्च, मेथॉडिस्ट, मार थोमा, ऑर्थोडॉक्स आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे लोकही या भागात राहतात.

संत थॉमस ख्रिस्ती आपल्याबरोबर 'पळ्ळियोगम' ही जुनी प्रथा घेऊन आले. धर्मग्रामाच्या मालमत्तेचे व कारभाराचे निर्णय कुटुंबप्रमुखांच्या सभेत घेण्याची ही पद्धत युरोपीय प्रभावाच्या आधीपासूनची आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनाही निवडून दिलेल्या पंचांची सवय होती. १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चच्या परिषदांत अदीक्षित प्रतिनिधींना मताधिकार आहे. लॅटिन धर्मग्रामात मात्र कॅनन कायद्यानुसार धर्मग्राम परिषदेचा अधिकार केवळ सल्ल्यापुरता असतो. भिन्न परंपरांतून आलेली माणसे एकाच इमारतीत, एकाच पाण्याच्या टाकीवर अवलंबून राहत असल्याने या फरकांची चर्चा येथे घराघरांत होते.

घर आणि लहान समूह

मुंबई महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून 'लहान ख्रिस्ती समूह' ही रचना रुजविण्यात आली. एका गल्लीतील किंवा काही इमारतींतील कुटुंबे आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतात, बायबलचा उतारा वाचतात, त्यावर बोलतात आणि परिसरातील अडचणींचा विचार करतात. सिरो-मलबार धर्मग्रामांत असेच काम कुटुंब युनिट करतात. तमिळ भाषिकांत या समूहास 'अन्बियम' म्हणतात. मराठी प्रॉटेस्टंट घरांतील प्रार्थनासभेस भजनाची जोड असते. पेटी, टाळ, तबला यांच्या साथीने 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील पदे व टिळकांचे अभंग गाइले जातात, आणि अशा सभेत शेजारचे हिंदू कुटुंबही येऊन बसते, यात कोणास विशेष वाटत नाही.

समूहाचा खरा उपयोग संकटात दिसतो. नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबास शाळाप्रवेश, रेशनकार्ड, डॉक्टर यांची माहिती लागते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची मुले परदेशी असतात. मृत्यू झाल्यास दफनभूमीची जागा, शवपेटी व कागदपत्रे यांची व्यवस्था काही तासांत करावी लागते. ही कामे धर्मगुरू करीत नाहीत. शेजारची माणसे करतात. यात स्त्रियांचा वाटा सर्वाधिक असूनही समितीच्या अध्यक्षपदी पुरुषच अधिक दिसतात. रविवारच्या धर्मशिक्षणवर्गाची भिस्तही बहुतांशी स्त्रियांवरच असते. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाचे पद अधिकृत सेवापद म्हणून स्थापित केले, तेव्हा अनेक स्त्रियांच्या दृष्टीने चालू असलेल्या कामाला फक्त नाव मिळाले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर प्रार्थनास्थळे बंद झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून परत खुली झाली. मधल्या काळात घर हेच उपासनास्थान होते. आईवडिलांनी मुलांपुढे बायबल वाचणे ही अनेक कुटुंबांत विस्मरणात गेलेली प्रथा त्यामुळे पुनरुज्जीवित झाली. पुढे ती कितपत टिकली, हा वेगळा प्रश्न.

कामाचे ठिकाण आणि प्रवास

या पट्ट्यातील नोकरदाराचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने ठरतो. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर असून एका बाजूच्या प्रवासास साधारण दीड तास लागतो. सकाळी लवकर निघून रात्री परतणाऱ्या माणसाकडून संध्याकाळच्या समितीच्या सभेची अपेक्षा ठेवणे अवघड आहे. त्यामुळे चर्चमधील उपक्रमांत निवृत्त लोक व गृहिणी दिसतात आणि भर उमेदीतील पिढी 'निष्क्रिय' ठरविली जाते. प्रापंचिकाचे क्षेत्र जगात आहे, हे तत्त्व मान्य केल्यास हा शिक्का अन्यायाचा ठरतो. औद्योगिक क्षेत्रातील पर्यवेक्षकाने कंत्राटी कामगारास सुरक्षिततेची साधने मिळवून देणे, लेखापालाने खोट्या पावतीवर सही न करणे, परिचारिकेने रात्रपाळीत गरीब रुग्णाशी नीट बोलणे ही धर्मशास्त्राच्या दृष्टीने दुय्यम कामे नाहीत. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस 'कामकरी संत जोसेफ' यांचा सण म्हणून जाहीर केला, त्यामागे हीच दृष्टी होती. योगायोगाने महाराष्ट्रात तो राज्याचा स्थापनादिन व कामगार दिनही आहे.

अशा आचरणाची किंमतही मोजावी लागते. सही नाकारणाऱ्याची बढती अडते. कारखान्याचे सांडपाणी वालधुनीत जाते हे ठाऊक असलेला कर्मचारी बोलला, तर त्याची नोकरी धोक्यात येते. न बोलल्यास त्याच नदीकाठच्या वस्तीतील मुलांचा प्रश्न उरतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकावर धर्मग्रामांत व्याख्याने होतात. वृक्षारोपणही होते. वरील कर्मचाऱ्याच्या पाठीशी समूहाने उभे राहणे मात्र त्याहून कठीण असते.

साक्ष, प्रसार आणि कायदा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना आहे. १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क समाविष्ट नाही, असा निर्णय दिला. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असल्याचा आरोप ख्रिस्ती संस्थांवर वारंवार होतो. घरी भरणाऱ्या प्रार्थनासभांकडेही काही ठिकाणी संशयाने पाहिले जाते. याचा भार मोठ्या संस्थांपेक्षा सामान्य माणसावर अधिक पडतो, कारण संस्थेला वकील असतो आणि प्रार्थनेसाठी दार उघडणाऱ्या भाडेकरूला घरमालक असतो.

याबाबत ख्रिस्ती समाजातही एकवाक्यता नाही. मुख्य प्रवाहातील अनेक चर्च जीवनातून दिलेल्या साक्षीवर भर देतात व कोणी विचारल्यास श्रद्धेविषयी सांगावे, असे मानतात. पेंटेकॉस्टल व स्वतंत्र मंडळ्यांत शब्दांनी सुवार्ता सांगणे हे प्रत्येक विश्वासणाऱ्याचे कर्तव्य समजले जाते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे ही दोहोंमधील सीमारेषा अस्पष्ट करणारी बाब होय. शेजारीण आजारी असताना तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारी स्त्री सेवा करते की प्रसार, हे बहुधा पाहणारा ठरवितो.

जातीचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती समाजातील मोठा भाग पूर्वास्पृश्य जातींतून आला. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता मर्यादित होता; १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम त्यातून वगळलेले राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात ही धार्मिक अट काढण्याची शिफारस केली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. शिक्षण व नोकरीतील सवलत गमावण्याच्या भीतीने काही कुटुंबे कागदोपत्री एक व घरात दुसरा धर्म सांगतात. आपल्या कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती म्हणून उघडपणे जगावे, ही अपेक्षा अशा कुटुंबाला सुस्थितीतील कुटुंबाइतकी सोपी नसते.

चर्चच्या आतील भेदभावही संपलेला नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना जातिभेद हे पाप असल्याचे मान्य केले. स्थलांतरितांच्या शहरांत दफनभूमी वा बैठकव्यवस्था यांतील जुने भेद सहसा आढळत नाहीत. तेथे सर्वच नवे असते. विवाह जुळविताना मात्र गाव, भाषा, विधी आणि जात यांची चौकशी होतेच. जपमाळ एकत्र म्हणणारी दोन कुटुंबे सोयरीक करण्यास राजी होत नाहीत, तेव्हा घर हेच प्रेषितकार्याचे पहिले क्षेत्र आहे या शिकवणीची परीक्षा त्या घरातच होत असते.